देशातच शिवलेले कामाचे आणि भटकंतीचे कपडे कसे शोधायचे: नवख्यांसाठी

बऱ्याच जणांचं असं होतं की एक दिवस सहज म्हणून कपाटातल्या कपड्यांचे टॅग बघितले जातात आणि कळतं की यातलं एकही आपल्या देशात शिवलेलं नाही, मग डोक्यात किडा वळवळायला लागतो की आता घेईन तर इथलंच घेईन. चांगलंय. पण पहिल्याच आठवड्यात माणूस झेंडा छापलेला कुठलातरी टी-शर्ट दुप्पट पैसे मोजून घेतो, चार धुण्यांत त्याचा गळा लोंबतो आणि मग हाच माणूस सगळ्यांना सांगत सुटतो की देशी मालात दम नाही. मी हे केलंय, म्हणून सांगतोय.

माझं जे काही ज्ञान आहे ते वर्कशॉपमध्ये दिवसभर उभं राहून आणि सुट्टीला डोंगरात हिंडून, थोडक्यात कपडे फाडून आलेलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच चाललंय. कपडा देशात शिवला म्हणून चांगला होत नाही, वाईट शिवण कुठल्याही देशात वाईटच. देशी घेण्याचा खरा फायदा एवढाच की शिवणारा हाताशी असतो. त्याला विचारता येतं, चेन बिघडली तर परत पाठवता येतं, गुडघा फाटला तर त्याच थानातलं कापड त्याच्याकडे पडलेलं असतं. त्यामुळे ज्या देशी ब्रँडचा शिवणारा सापडतच नाही, विचारलं तर कुणी बोलतच नाही, तिथे हा फायदा शून्य. मग झेंडा कितीही मोठा छापलेला असू दे.

आधी काय घ्यायचं ते ठरवा, ब्रँड नंतर

"मला देशी जॅकेट हवंय" असं म्हणून शोधायला लागू नका, त्यात आठवडा जातो. कुठल्या कामात तुमचा कपडा नेमका कुठे मरतो ते बघा. जुनी पँट काढा आणि बघा, गुडघा गेलाय का, दोन पायांच्या मधला जोड उसवलाय का, खिशाचा कोपरा फाटलाय का, की कापड ठीक आहे पण चेन गेलीय. माझ्या दहातल्या सहा पँटी मधल्या जोडातच गेल्यात, गुडघे शाबूत होते, त्यामुळे मी गुडघ्याला डबल कापड आहे का यापेक्षा मधे जादाचा तुकडा म्हणजे गसेट घातलाय का ते आधी बघतो. तुमचं वेगळं असेल.

आणि कुठून सुरुवात करायची? कॅनव्हास नाहीतर डेनिमची पँट, जाड शर्ट, लोकरीचा स्वेटर, मोजे, पट्टा, हातमोजे. या गोष्टी छोटा कारखाना सुद्धा उत्तम करू शकतो, मशीन साधी लागतात, कापड मिळतं. सगळ्यात शेवटी ठेवा ते पावसाचं पातळ टेक्निकल जॅकेट. त्यात मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा लागतो, शिवणींवर आतून गरम करून टेप चिकटवायचं मशीन लागतं, ते चालवणारे सरावलेले हात लागतात, आणि मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपन्या जगातच मोजक्या आहेत. गोर-टेक्सचं उदाहरण घ्या, १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई नावाचं प्लास्टिक झटका देऊन ताणलं आणि त्यातून ते आलं, पण जॅकेटवर गोर-टेक्सचा टॅग असला म्हणजे आतला पडदा त्यांचा, जॅकेट कुठे शिवलं हे तो टॅग सांगत नाही. हा गोंधळ फार होतो.

एक सावधगिरी. वेल्डिंग, ग्राइंडिंग, आगीजवळचं काम, रस्त्यावर गाड्यांच्या मधे उभं राहण्याचं काम, यात देशी-परदेशी हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर येतो. वेल्डिंगच्या कपड्यांना आयएसओ ११६११, उष्णता आणि ज्वाळेसाठी आयएसओ ११६१२, लांबून दिसणाऱ्या चकाकत्या कपड्यांना आयएसओ २०४७१ अशी मानकं आहेत, कपड्याच्या आत तो नंबर आणि क्लास छापलेला पाहिजे, नसेल तर विषय संपला. पॉलिस्टर, नायलॉन ठिणगीने नुसतं जळत नाही तर वितळून कातडीला चिकटतं, हे विसरू नका, आत घातलेल्या बनियनलाही हेच लागू आहे.

टॅग वाचायला शिका

लोक इथेच फसतात, त्यामुळे जरा वेळ घेतो. "देशात बनलेलं" हे एका वाक्यात सांगतात पण त्यात चार-पाच प्रश्न दडलेले असतात. कापूस किंवा लोकर कुठली, सूत कुठे कातलं, कापड कुठे विणलं आणि रंगवलं, कटिंग-शिलाई कुठे झाली, आणि चेन-बटणं कुठली. बहुतेक वेळा टॅगवरचा देश म्हणजे फक्त कटिंग-शिलाईचा देश. त्यात वाईट काही नाही, पण माहीत असावं.

शब्द फार मोजून वापरलेले असतात. "डिझाइन्ड इन", "स्थापना अमुक साली", "इंजिनिअर्ड इन", "आमच्या मातीतला ब्रँड", यातल्या एकाही शब्दाने कपडा कुठे शिवला ते कळत नाही. "असेम्बल्ड इन" म्हणजे कापलेले तुकडे बाहेरून आलेले असू शकतात. आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. अमेरिकेत एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम म्हणतो की बिनअटीचं "मेड इन यूएसए" लावायचं तर माल "सगळा किंवा जवळजवळ सगळा" तिथला पाहिजे, आणि २०२१ पासून खोटं लेबल लावलं तर दंडाची तरतूद असलेला वेगळा नियमच आलाय. कॅनडात दोन पायऱ्या आहेत, "प्रॉडक्ट ऑफ कॅनडा" म्हणायला थेट खर्चाचा किमान ९८ टक्के वाटा तिथला लागतो आणि "मेड इन कॅनडा" म्हणायला ५१ टक्के पुरतो, शिवाय शेवटचा मोठा बदल तिथे झालेला पाहिजे. म्हणजे ऐकायला सारखेच वाटणारे दोन शब्द आणि मधे एवढी दरी. युरोपियन युनियनमध्ये तर कपड्यावर कुठला धागा किती टक्के हे लिहिणं सक्तीचं आहे पण देश लिहिणं सक्तीचं नाही, त्यामुळे तिथे टॅगवर देश नसला तर लगेच चोर समजू नका, फक्त विचारा.

आपापल्या देशाचा नियम एकदा नीट वाचून घ्या, अर्धा तास लागतो. नंतर दुकानात उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही.

ऑनलाइन घेताना एक युक्ती. अमेरिकन साइटवर प्रत्येक कपड्याच्या वर्णनात तो तिथला की आयात केलेला हे सांगावंच लागतं, म्हणून खाली बारीक अक्षरात "इम्पोर्टेड" असा एकच शब्द असतो आणि वर भलामोठा फोटो त्यांच्या जुन्या कारखान्याचा. कुठल्याही देशातली साइट असो, "आमची कहाणी" वाचायच्या आधी त्या एका वस्तूच्या पानाच्या तळाशी जा. कारण एकाच ब्रँडमध्ये दोन्ही माल असतो. बार्बर ही १८९४ ची इंग्लिश कंपनी, त्यांची मेण लावलेल्या सुती कापडाची क्लासिक जॅकेटं अजून इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सलाच शिवतात, पण त्यांचे बाकीचे बरेच कपडे बाहेर बनतात. कारहार्ट १८८९ मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली, आज काही माल अमेरिकेत शिवला जातो, बराचसा बाहेर. त्यामुळे "हा ब्रँड देशी आहे का" हा प्रश्नच चुकीचा, "हाच कपडा, याच रंगात, कुठे शिवला" असं विचारायचं.

माझा किस्सा सांगतो. एक जॅकेट घेतलं होतं, कॉलरला आत देशाचं नाव ठसठशीत विणलेलं, मी खुश. दोन महिन्यांनी आतल्या खिशात बोट घातलं तर शिवणीत दुमडलेला नखाएवढा पांढरा टॅग, त्यावर दुसऱ्याच देशाचं नाव. कॉलरवरचं नाव ब्रँडच्या लोगोचा भाग होता म्हणे. तेव्हापासून दुकानात मी आधी डाव्या बाजूची आतली शिवण चाचपतो, दुकानदार विचित्र बघतात, बघू देत.

उलटं पण असतं, की कापडाची खात्री पक्की पण शिलाईची नाही. हॅरिस ट्वीड हे लोकरीचं कापड घ्या, १९९३ चा ब्रिटिश कायदाच सांगतो की ते स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, तिथल्या लोकांनी आपापल्या घरी हाताने विणलेलं पाहिजे, लोकर तिथेच रंगवलेली आणि कातलेली पाहिजे. इतकं कडक. पण ही खात्री कापडाची आहे, त्या कापडाचा कोट जगात कुठेही शिवलेला असू शकतो आणि गोलावर क्रॉस असलेला तो शिक्का तरीही आत असतो.

शोधायचं कुठे

सर्चमध्ये "देशी वर्कवेअर" टाकलं की जे वर येतं ते बहुतेक जाहिरातीला पैसे असलेल्यांचं. जे खरं शिवतात त्यांची वेबसाइट अनेकदा दहा वर्षं जुनी, फोटो टेबलावर पँट पसरून मोबाइलने काढलेला. हे मला तर चांगलंच लक्षण वाटतं, पण तो माझा पूर्वग्रह समजा.

सरळ रस्ता म्हणजे युनिफॉर्म शिवणारे. अग्निशमन, सैन्य, वीज, रेल्वे, बंदर, हॉस्पिटल, यांना कपडे पुरवणारा कुणीतरी असतोच आणि बऱ्याच देशांत सरकारी खरेदीत देशी मालाला झुकतं माप असतं. अमेरिकेत तर १९४१ पासून बेरी अमेंडमेंट आहे, त्याने संरक्षण खात्याला कपडे आणि कापड देशातलंच घ्यावं लागतं, त्यामुळे तिथले कितीतरी शिलाई कारखाने आणि गिरण्या त्याच ऑर्डरवर तगून आहेत. असे कारखाने कधीकधी तोच माल लोगोशिवाय साध्या गिऱ्हाईकालाही विकतात, फक्त सांगत फिरत नाहीत. सरकारी टेंडरं कुणाला मिळाली ते बहुतेक ठिकाणी उघड असतं, तिथून नावं काढा.

दुसरा रस्ता गिरणीकडून उलटा यायचा. जाड कॅनव्हास, डेनिम, लोकरीचं कापड देशात कोण विणतं ते शोधा आणि त्यांना विचारा की तुमचं कापड घेऊन कोण कपडे शिवतं. गिरणीवाले हे आनंदाने सांगतात, त्यांना त्यात फायदाच आहे. आणि गिरणीच नसेल तर तेही कळतं. अमेरिकेत ग्रीन्सबरोची व्हाइट ओक डेनिम गिरणी १९०५ पासून चालू होती, २०१७ च्या शेवटी बंद पडली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या जीन्सवाल्यांना रातोरात जपानकडे नाहीतर दुसरीकडे कापडासाठी बघावं लागलं. तेव्हा एखादा म्हणाला की शिलाई इथली पण कापड बाहेरचं, तर तो फसवतोय असं नाही, कधीकधी कापड मिळतच नाही.

तिसरं म्हणजे गावं. शिलाईचं कसब एकेका गावात साचतं. जपानमध्ये ओकायामा प्रांतात कोजिमा म्हणून भाग आहे, आधी तिथे शाळेचे गणवेश शिवायचे, जाड कापड शिवायची मशीन आणि हात दोन्ही होते, म्हणून जपानी जीन्स तिथेच जन्माला आली. तुमच्या देशात तंबू, ताडपत्री, शिडं, शाळेची दप्तरं, गणवेश जिथे शिवतात तिथे कामाचे कपडे शिवणारा सापडायची शक्यता जास्त. (जाताजाता, डंगरी हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आलाय, तिथलं जाडंभरडं सुती कापड जगभर जायचं आणि कामगारांचे कपडे त्याचे व्हायचे. गंमत म्हणून सांगितलं.)

आणि चौथं, सगळ्यात स्वस्त, ज्यांचे कपडे झिजलेत पण फाटले नाहीत अशा माणसांना थांबवून विचारा. गवंडी, सुतार, झाडं तोडणारे, गाइड. मी एकदा एका प्लंबरला त्याच्या पँटबद्दल इतकं विचारलं की तो घाबरला.

मेसेज टाका, उत्तर बघा

दोन-तीन नावं सापडली की ऑर्डर करू नका, आधी लिहा. मी साधारण असं लिहितो: "नमस्कार, तुमची कॅनव्हासची पँट घ्यायचा विचार आहे. कापड कुठल्या गिरणीचं आहे? कटिंग आणि शिलाई तुमच्याच युनिटमध्ये होते की बाहेर देता? धुतल्यावर लांबीत किती आटते? आणि गुडघा फाटला तर तुम्ही दुरुस्त करून द्याल का?" बस. चारच प्रश्न, पण त्यात माणूस उघडा पडतो.

"आम्ही सर्वोत्तम दर्जाचं जागतिक कापड वापरतो" असं गुळगुळीत उत्तर आलं तर पुढे जा. एका ठिकाणाहून मला चक्क फोन आला, शिलाई विभाग बघणाऱ्या बाईच बोलत होत्या, मागे मशीनचा खडखडाट, म्हणाल्या, "शिलाई इथलीच, कापड पण इथलंच, पण खिशाच्या आतलं कापड सध्या बाहेरून येतंय, आमच्या गिरणीने ते बंद केलं, आणि हो, लांबीला एक इंच जास्त घ्या, पहिल्या धुण्यात जातो." मी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. खिशाचं कापड बाहेरचं हे कुणी विचारलं पण नव्हतं.

हातात आल्यावर

परत करायची मुदत असते तोवर कपडा घालून बाहेर जायचं नाही, आधी उलटा करायचा. कपड्याची खरी बाजू आतलीच. टेबलावर, चांगल्या उजेडात.

आधी माया बघा, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड. माया कमी असेल तर जोरात बसल्यावर शिवण कापडातूनच निसटते, आणि पुढे सैल करायची सोयही राहत नाही. कामाच्या पँटीला मोठ्या जोडांवर माया दुमडून आत बंद केलेली आणि वरून दोन किंवा तीन रांगा टाके मारलेले असतात, बाहेरून समांतर रेघा दिसतात आणि आतून एकही सुटा दोरा दिसत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ताणा. मधे टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे दिसायला लागले तर टाका ढिला आहे. टाके मोजा पण, जाड कापडावर इंचाला सात-आठ ठीक, पाच म्हणजे घाईत पळवलेलं मशीन. फार बारीक टाके पण नकोत, जाड कापडात जवळजवळ भोकं पडली की कापड तिथूनच कागदासारखं फाटतं.

मग चार शिवणी एकत्र येतात तो मधला जोड. इथे कापडाचे आठ-आठ थर होतात आणि मशीनची सुई उडते, म्हणून टाका चुकलेला असतो तर इथेच असतो. माझ्या पहिल्या देशी पँटीत नेमका इथे एक टाका सुटलेला होता, मी म्हटलं एकाने काय होतंय, तिसऱ्या दिवशी शिडीवर चढताना टर्र्रकन आवाज आला आणि उरलेला दिवस मी कमरेला जॅकेट बांधून काढला. आता मी तिथे नख फिरवतो. गसेट असेल तर उत्तम, चारही टोकं एका जागी येत नाहीत, ताण दोन ठिकाणी वाटला जातो आणि पाय उचलायला पण मोकळं वाटतं.

खिशांचे कोपरे. तिथे बारीक दाट नागमोडी टाक्यांची पट्टी असते, तिला बारटॅक म्हणतात. ही नसेल तर खिसा आज नाही तर उद्या उचकटणार. जुन्या काळी याच जागेसाठी रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या टिकल्या आल्या, अमेरिकेत रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस, त्याच्याकडे एका मजुराची बायको नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागायला आली, तर त्याने घोड्यांच्या झुलीला लावायचे तांब्याचे रिव्हेट खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकले. पेटंटला पैसे नव्हते म्हणून ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लीवाय स्ट्रॉसला पत्र लिहिलं, आणि २० मे १८७३ ला दोघांच्या नावे पेटंट मिळालं. आज बारटॅक तेच काम करतो, रिव्हेट बराचसा दिखाव्याला उरलाय, त्यामुळे रिव्हेट बघून भाळू नका.

खिशाचं आतलं कापड चिमटीत धरा. बाहेर दणकट कॅनव्हास आणि आत रुमालासारखा खिसा, हे फार दिसतं, किल्ल्या ठेवल्या की महिन्यात भोक. पट्ट्याचे लूप कमरपट्टीच्या शिवणीत घातलेत की नुसते वरून चिकटवल्यासारखे शिवलेत ते बघा. गुडघ्यावर दुसरा थर असेल तर तो खालून उघडा असावा, आत पॅड घालता येतो आणि भुसा-खडी खाली गळून पडते, बंद असेल तर गुडघ्यावर टेकल्यावर जे काही टोचतं ते विचारू नका.

चेन. मागच्या बाजूला किंवा पट्टीवर नंबर असतो, ३, ५, ८, १०, साधारण बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये. खिशाला ३ चालते, जॅकेटच्या पुढे ५ तरी हवी, जाड कामाच्या जॅकेटला ८ किंवा १०. चेन देशी असावी असा हट्ट मी करत नाही, चांगली चेन बनवणारे कमी आहेत आणि वायकेकेसारख्या जपानी कंपनीचे कारखाने बऱ्याच देशांत आहेत. चेन मेली की जॅकेट मेलं, तिथे तडजोड नको.

भटकंतीच्या कपड्यात अजून एक, खांद्यावरची शिवण. सॅकचा पट्टा जिथे बसतो तिथेच जाड शिवण असेल तर चार तासांनी कळतं, म्हणून शिवण पुढे किंवा मागे सरकवलेली असेल तर शिवणारा स्वतः कधीतरी सॅक घेऊन चाललाय असं समजा.

वजन, आटणं, माप

कापडाचं वजन जीएसएममध्ये लिहितात, एका चौरस मीटरचे ग्रॅम. काही ठिकाणी औंसात लिहितात, म्हणजे एका चौरस यार्डाचे औंस, एक औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम. साधा शर्ट १२० ते १५०, पातळ ट्रेकिंग पँट दीडशे ते दोनशे, कामाचा १२ औंसी कॅनव्हास म्हणजे ४०० च्या आसपास. जाड म्हणजे टिकाऊ असं सरसकट नाही, दाट विणलेलं अडीचशेचं कापड विरळ साडेतीनशेच्या कापडाला भारी पडतं. उजेडासमोर धरा, आरपार ठिपके दिसले तर विरळ आहे. आणि उकाड्यात ४०० जीएसएम घालून काम करणं म्हणजे शिक्षा आहे, तेव्हा हौसेला आवर घाला.

आटण्याचा हिशोब आधी विचारा. १९३० च्या सुमाराला सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घ्यायची पद्धत काढली, म्हणून त्याला सॅन्फराइज्ड म्हणतात, त्यात पुढे एखादा टक्काच जातो. न आटवलेलं डेनिम सात ते दहा टक्के जाऊ शकतं, म्हणजे ३२ इंचाची लांबी पहिल्या पाण्यात ३० च्याही खाली. छोटे शिवणारे काहीजण मुद्दाम न आटवलेलं कापड वापरतात. माप घेताना वेबसाइटच्या एम-एल वर जाऊ नका, तुमची बरोबर बसणारी पँट सपाट पसरा, टेपने मोजा आणि ते आकडे पाठवा. बायकांना कामाच्या कपड्यांत पर्याय फारच कमी मिळतात, बरेच ब्रँड पुरुषांचीच पँट बारीक करून विकतात, तिथे तर छोटा देशी शिवणारा जास्त कामाचा, कारण मापावर शिवून द्यायला तो तयार असतो.

पावसाच्या कपड्यावर १०,००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबापर्यंत धरतं. पण शिवणींना आतून टेप नसेल तर आकडा कागदावरच. दुसरं, पाणी घरंगळून जायला वरून जो थर देतात त्यात पीएफएएस नावाची रसायनं असायची, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून कपड्यांत त्यावर बंदी आलीय, जास्त कडक पावसासाठीच्या कपड्यांना कॅलिफोर्नियात थोडी मुदत आहे. नवीन पीएफएएस-मुक्त थर तेलकट मळ झाला की लवकर दमतात, त्यामुळे ते वरचेवर धुवून परत लावावे लागतात, तेवढी तयारी ठेवा. हलक्या पावसात मला मेण लावलेलं सुती कापड जास्त आवडतं, जड असतं पण काटेकुटे सहन करतं आणि घरी परत मेण लावता येतं.

पैशांचं काय

महाग पडतं, हे कबूल. शिलाईची मजुरी जिथे जास्त तिथे पँटीची किंमत जास्त, त्याला इलाज नाही. म्हणून एकदम कपाट बदलू नका. एक पँट घ्या. ती वर्षभर वापरा, म्हणजे खरंच वापरा, लग्नाला घालायला नाही घेतलीय. किती दिवस घातली त्याने किंमत भागा आणि जुन्या स्वस्त पँटीशी ताडून बघा. माझं गणित कधी देशीच्या बाजूने आलं कधी नाही, मोज्यांच्या बाबतीत तर दरवेळी आलं, टी-शर्टच्या बाबतीत एकदाही नाही, म्हणून टी-शर्ट मी कुठलाही घालतो.

सेकंड-हँड बघा. सैन्याचा जुना माल, बंद पडलेल्या कारखान्यांचे युनिफॉर्म, हे बहुतेक देशीच असतात आणि दणकट असतात. कारखान्यांचा सेकंड माल पण विचारा, म्हणजे एखादा टाका वाकडा, रंगात फरक, असा बाजूला काढलेला. वर सांगितलेलं कपडा उलटा करून बघणं तेव्हा उपयोगी पडतं, कारण खोट कुठे आहे ते तुम्हालाच शोधायचंय, रंगातली खोट घ्या, मधल्या जोडातली घेऊ नका.

टिकवणं

चेन लावून, उलटा करून, थंड पाण्यात धुवा, उन्हात उलटाच वाळवा. मेणाचं जॅकेट मशीनमध्ये टाकलंत तर मेण मशीनला आणि जॅकेट कचऱ्यात, ते ओल्या फडक्याने पुसायचं. लोकर रोज धुवायची गरज नसते, रात्रभर वाऱ्यावर टांगली की वास जातो.

आणि फाटायच्या आधी शिवा. कापड विरळ होऊन पांढुरकं दिसायला लागतं तेव्हाच आतून ठिगळ लावायचं, भोक पडल्यावर कडा धरत नाहीत. शिवणाऱ्याकडे परत पाठवणार असाल तर आधी धुवून पाठवा, मळलेल्या कपड्याला बरेचजण हात लावत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. जिथे फाटलंय तिथे खडूने गोल करा, सोबत चिठ्ठी ठेवा की काम करताना नेमकं काय झालं, वाकताना गेलं, की खिळ्याला अडकलं, की नुसतं झिजलं. मी अशी चिठ्ठी ठेवली होती, तर पँट परत आली तेव्हा फाटलेला गुडघा शिवलेला होताच, पण दुसऱ्या, न फाटलेल्या गुडघ्यालाही आतून ठिगळ होतं आणि माझ्याच चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं, "हापण जाणार होता."